धुळीआडचा बहर

सकाळी ऑफिसच्या खिडकीवर सहज बोट फिरवलं, तर पिवळसर धूळ लागली. वाळवंटातून निघून अख्खा समुद्र ओलांडून आलेली! हीच धूळ आठवडाभर आमच्या उपग्रहाच्या चित्रांत दाटली होती. धुळीमुळे पाणी दिसत नाही, तिथे आम्ही नकाशात काळा रंग भरतो. अंदाजाने हिरवा भरायचा नाही. हिरवा म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा बहर; तो थोडेच दिवस टिकतो. धूळ हटेपर्यंत तो उरेल का, हीच धास्ती होती.

आजचं चित्र उघडलं आणि मी ओरडलेच, "शुभदाताई, लवकर या!"

माझ्या वरिष्ठ शुभदाताई चहाचा कप घेऊनच धावत आल्या. कालच्या काळ्या डागाच्या जागी हिरवीगार वेलबुट्टी पसरली होती. डोळ्यांना न दिसणारे जीव, पण दोन जिल्हे झाकतील एवढे!

"अगं, धुळीतल्या लोहावरही पोसतात ते," ताई हसल्या. "आणि तू आठवडाभर तिलाच शिव्या घालतेयस!"

काळा म्हणजे रिकामा, असं मी मनात कधी धरून बसले कोण जाणे. तिथे तर पंगत बसली होती!

बोटावर धूळ अजून होती. हात धुवावेसे वाटेनात.