डोरा, तितर आणि घमापूरची गल्ली

होळी झाली आणि आमचं श्वानपथक वरच्या बर्फातून खाली जबलपूरला आलं. कागदावर याला विश्रांती म्हणतात. मी हवालदार, पथकाचा इन्चार्ज. जबलपूर माझं गाव. तिथल्या रांझीत वाढलो, सासुरवाडीही तिथंच. ज्या गावानं आपल्याला चड्डीत पाहिलंय त्या गावात वर्दी घालून रुबाब करायला जाऊ नये, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पण ते पुढे.

आधी आमचं काम सांगतो. वर, डोंगरातल्या रस्त्यावर, रोज सकाळी गाड्यांचा काफिला निघण्याआधी रस्ता पायी तपासतात. याला रोड ओपनिंग म्हणतात. सगळ्यांत पुढे कुत्रं, त्याच्या मागे हँडलर, त्याच्या मागे जवान. कुत्र्याला बारुदाचा वास आला की ते बसतं. भुंकत नाही, उकरत नाही, नुसतं बसतं. हँडलर हात वर करतो आणि सगळे जागच्या जागी थांबतात. बक्षीस म्हणून कुत्र्याला रबरी चेंडू मिळतो. माणसांना बक्षीस म्हणून दुपारचं जेवण मिळतं.

आमची डोरा दोन वर्षांची, पिवळी लॅब्रेडॉर. तिचा हँडलर लान्स नाईक सुखदेव कापगते, गोंदियाकडचा. मोजकं बोलायचा. मला उस्ताद म्हणायचा, आणि त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही.

डोराचं नाक उत्तम होतं. खोट एकच, पक्षी. लॅब्रेडॉर ही मुळात शिकाऱ्यांची जात. गोळी लागून पडलेला पक्षी तोंडात धरून आणून देणं हे तिच्या रक्तात आहे. पक्षी दिसला की डोरा पुढचा एक पाय उचलायची, शेपूट ताठ करायची आणि जगाला विसरायची. सीझनच्या शेवटी वरच्या रस्त्यावर चकोर उडाले आणि ती त्यांच्यामागे उतारावर सुटली. तो उतार तपासलेला नव्हता. कापगते तिच्यामागे धावला आणि सवयीनं चार जवान कापगतेच्या मागे. काही झालं नाही. पण त्या उतारावरून ते एकेक करून वर येईपर्यंत मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही.

खाली आल्यावर आमच्या मेजर मॅडमनी, म्हणजे पथकाच्या पशुवैद्य अधिकाऱ्यांनी, मला समोर उभं केलं.

"हवालदार, ऊपर जाने से पहले टेस्ट होगा. परिंदे पे गई तो कास्ट."

कास्ट म्हणजे नोकरीतून बाद. कापगतेला त्याचीच भीती होती. माझी भीती दुसरी. इथं पास झाली आणि वर जाऊन परत पक्ष्यामागं गेली तर? बाद झालेलं कुत्रं जगतं. त्याच्या मागून चालणारी माणसं जगतीलच असं नाही. पूर्ण उन्हाळा मी ही भीती पोटात घेऊन हिंडलो. बाहेरून मात्र विनोद चालू होते, कारण दुसरं काही मला येत नाही.

ऑफ सीझनमध्ये कुत्रं दोन गोष्टींनी बिघडतं, चरबीनं आणि विसरण्यानं. चरबीचा बंदोबस्त आम्ही पहाटे करायचो. सूर्य वर यायच्या आत मातीच्या वाटेवर धावणं, कारण जबलपूरच्या उन्हाळ्यात डांबर सकाळीच तापतं. रस्त्यावर पालथा हात टेकवून पाहायचा. आपल्याला चटका बसला तर तिलाही बसेल. धावण्यानंतर पोहणं. पोहण्यासाठी मी परियट नदीचं पाणी निवडलं. छान जागा, सावली, कोणी येत नाही.

"उस्ताद, तिथं कोणी काहून येत नाही, माहीत आहे ना जी?" कापगतेनं विचारलं.

तिथं मगरी आहेत. मला हे लहानपणापासून माहीत होतं. ऐन वेळी डोक्यातून गेलं. डोराच्या छातीला पाणी लागलं होतं. आम्ही दोघांनी तिला ज्या वेगानं बाहेर ओढलं तो वेग आमच्या फिटनेस टेस्टमध्ये कधी दिसला नाही. त्यानंतर ती युनिटच्या टाकीतच पोहली.

विसरण्याचा बंदोबस्त अवघड होता. रोज कुठंतरी बारुदाचा नमुना लपवायचा आणि तिला शोधायला लावायचं. पहिल्याच आठवड्यात केनेलच्या फाटकाशी असा सराव चालला होता, तेवढ्यात माझे सासरे सायकलवरून आले. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आयुष्य गेलेलं, त्या दिवशी ड्यूटी संपवून थेट जावयाला भेटायला आलेले. डोरा सरळ गेली आणि त्यांच्यासमोर बसली.

नियम सासरा ओळखत नाही. मी त्यांना हात वर करायला लावले, सायकल बाजूला टाकायला लावली आणि क्यूआरटीला, म्हणजे तातडीच्या तुकडीला, शिटी दिली. बंदुका घेऊन आठ जण धावत आले. सायकलला अडकवलेला जेवणाचा डबा उघडला तर त्यात कोरडी झालेली एक पोळी.

"जावईबापू," मामाजी म्हणाले, "हात खाली करू का आता? खांदा दुखून राहिला."

डोराचं काही चुकलं नव्हतं. आयुष्यभर बारुदात काम केलेल्या माणसाच्या नखात काही राहिलं असेल, ते तिच्या नाकाला पुरलं. चुकलं माझं. बायको पंधरवडाभर माझ्याशी फक्त मुलीमार्फत बोलली. युनिटमध्ये तर मी जिथं जाईन तिथं लोक हात वर करायचे.

मेच्या सुरुवातीला मी माझी सगळ्यांत हुशार युक्ती काढली. घमापूरच्या बाजारात एका गल्लीत पप्पू भैयाचं भंगाराचं दुकान आहे. दुकानाच्या शटरला पिंजरा टांगलेला आणि पिंजऱ्यात तितर. पक्ष्याशेजारून रोज चालवायचं, दर वेळी 'नो' म्हणायचं, न बघता पुढे गेली की चेंडू द्यायचा. गर्दीची सवयही होईल. पहिल्या दिवशी तिनं पाय उचलला आणि पोह्याच्या गाडीला धडकली. दुसऱ्या आठवड्यात नुसता कान हलायचा. नंतर तेही थांबलं. कापगते पहिल्यांदा हसला. मी रात्री झोपू लागलो.

मग ती सकाळ.

नळावर बायका पाणी भरत होत्या. पोह्याच्या गाडीभोवती पाच-सहा गिऱ्हाईकं. सुट्टीतल्या शिबिराची ऑटो मुलांना घ्यायला उभी. पप्पू भैया दुकानात चहा पीत होता आणि त्याचा माणूस भंगाराच्या ढिगाशी उकिडवा बसून छिन्नी-हातोड्यानं काहीतरी सोलत होता. वर पिंजरा. डोरा पिंजऱ्याखाली आली आणि बसली.

"नो, डोरा."

हलली नाही.

"गेली जी तितरावर," कापगते म्हणाला. "गेली मेहनत पाण्यात."

"आज तो बैठ ही गई, फौजी भैया," पोहेवाला म्हणाला. "इसको भी एक प्लेट लगा दूँ?"

मला राग आला होता. पट्टा धरून ओढणारच होतो. पण पूर्वी ती पक्ष्यावर उभी राहायची, पाय उचलून. आज बसली होती. म्हटलं, बघू.

"पप्पू भैया, जरा पिंजरा उतारो. उधर नल के पास ले जाओ."

"क्या भैया, सुबह सुबह," करत त्यानं पिंजरा काढला आणि गल्लीच्या टोकाला नेला. तितर पंख आपटत ओरडत होता. सगळी गल्ली त्याच्याकडे पाहत होती. डोरानं मान वळवली नाही. तिचं नाक ढिगाकडे होतं आणि तोंड मिटलेलं. मे महिन्यात जबलपुरात कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतं. तोंड मिटतं ते वासावर असेल तेव्हाच.

मग मी त्या माणसाच्या छिन्नीखाली पाहिलं. सायकलींच्या सांगाड्यांत आडवा पडलेला तोफेचा गोळा. गंजलेला, मांडीएवढा. गोळ्याच्या कमरेला तांब्याचा पट्टा असतो, भंगारात त्याला भाव येतो. तो पट्टा तो सोलत होता. टोकाचा फ्यूज, म्हणजे गोळा उडवणारा खटका, जागेवर होता.

माझे पाय माझे राहिले नाहीत. खोटं कशाला सांगू. पळावं असं वाटलं आणि पळताही येईना. जन्मात बोललो नव्हतो इतक्या अदबीनं मी हिंदी बोललो.

"भाईसाहब, हथौड़ा नीचे रख दीजिए. आहिस्ता."

"काहे?"

"चाय पी लीजिए. मेरी तरफ से."

चहा म्हटल्यावर तो उठला. मी युनिटला फोन लावला. ड्यूटीवर सुभेदार साहेब.

"साहब, डॉग अलर्ट. घमापूर, कबाड़ी गली."

"आज किसके ससुर हैं?"

मी हसलो नाही. मग त्यांचा आवाज बदलला.

"कन्फर्म?"

हा एक शब्द. गोळा रिकामा निघाला तर सगळं घमापूर हसणार, त्याचं मला काही नव्हतं. पण डोरा त्याच दिवशी बाद. पिंजऱ्याखाली बसलेल्या कुत्रीवर टेस्टमध्ये कोण विश्वास ठेवणार? आणि गोळा भरलेला असला तर नळावरच्या बायका माझ्यापासून वीस पावलांवर होत्या. मी कापगतेकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला होता.

"मले काही समजत नाही जी," तो म्हणाला. "पण ती काही उठून नाही राहिली."

"कन्फर्म, साहब."

"रोजर. गली खाली करो. निकल रहे हैं."

गल्ली रिकामी करणं म्हणजे काय ते सांगतो. ओरडायचं नाही, कारण लोक पळतात आणि पळताना ढिगावर पडतात. मी प्रत्येकाजवळ जाऊन हळू आवाजात सांगत होतो. ऑटोवाला मुलांना घेऊन लगेच गेला. बायका हंडे सोडायला तयार नव्हत्या; एका काकूंनी भरलेला हंडा माझ्याच हातात दिला आणि मी तो कोपऱ्यापर्यंत वाहून नेला. पोहेवाला म्हणाला, "हाफ प्लेट का पैसा बाकी है." त्याच्या गाडीवरचा गॅस मी बंद करायला गेलो तर बटण उलट्या बाजूला फिरलं आणि ज्योत मोठी झाली. तेव्हा मात्र तो न सांगता पळाला.

डोरा तिथंच होती. तिनं तिचं काम केलं होतं आणि ती चेंडूची वाट पाहत होती. चेंडू फेकायची सोय नव्हती. लोखंडाच्या त्या ढिगात तो कुठं आपटेल सांगता येत नव्हतं. आणि चेंडू मिळाल्याशिवाय उठायचं नाही हे आम्हीच तिला शिकवलं होतं.

"मी जातो," मी म्हणालो. सीनियर होतो.

"तुमचे पाय पाहा जी," कापगते म्हणाला. "तिथं जाऊन पडसाल. माझी कुत्री आहे."

तो वाकून गेला, ढिगाला धक्का लागणार नाही असा. तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. चेंडू तिच्या तोंडात हातानं ठेवला, तिच्या कानात काहीतरी बोलला आणि तिला घेऊन मागे आला. त्याला बहुतेक एक मिनिट लागलं असेल. मी त्या मिनिटात म्हातारा झालो.

बॉम्ब निकामी करणारी तुकडी आली. गोळा वाळू भरलेल्या गाडीतून शहराबाहेर नेऊन उडवला. भरलेला होता. भंगारात कुठून आला हे कळलं नाही. पप्पू भैया एवढंच म्हणत राहिला की गोणीतून आला. दुपारी पोहेवाल्यानं आम्हा दोघांना बळेच बसवून प्लेटा दिल्या. माझा चमचा तोंडापर्यंत जाईना. माझी प्लेट डोरानं संपवली. तिच्या डाएटचा नियम मी बनवला होता आणि मोडलाही मीच.

टेस्ट तिनं सहज पार केली. मेजर मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून दोन्ही हात वर केले.

पावसाळा संपल्यावर आम्ही परत वर गेलो. माझी भीती माझ्याबरोबर आली होती. सकाळी रोड ओपनिंग निघालं की मी पोस्टवर रेडिओ सेटपाशी बसायचो आणि पार्टी परत येईपर्यंत चहाला हात लावायचो नाही.

त्या दिवशी सेटवर कापगतेच्या मागच्या नाईकचा आवाज आला.

"डॉग बैठी है. पुलिया पे. पार्टी रुकी है."

"रोजर. सबको पीछे लो."

"पीछे ले रहे..."

सेट गप्प झाला. मग डोंगरातून आवाज आला.

मागच्या जवानांनी नंतर सांगितलं. पुलाआधी डाव्या अंगाला चकोर उडाले, अगदी जवळून. डोरानं तिकडे पाहिलं नाही. ती पुलाच्या तोंडाशी जाऊन बसली. कापगतेनं हात वर केला, मागचे सगळे थांबले, आडवे झाले आणि सरपटत मागे सरकू लागले. वर कुठंतरी बसून पाहणाऱ्यानं तेव्हा बटण दाबलं. पुलापाशी तेव्हा ते दोघंच होते. बाकी सगळी पार्टी पायांवर परत आली.

कापगतेला घेऊन त्याच्या गावी मी गेलो. नदीकाठी सगळं उरकल्यावर त्याचे वडील माझ्याजवळ येऊन उभे राहिले. शेतकरी माणूस, मुलासारखाच कमी बोलणारा.

"कुत्री बसली होती काय जी?"

"बसली होती, बाबा."

"मंग यानं तिचं आयकलं?"

"ऐकलं. लगेच हात वर केला. म्हणून मागची पोरं घरी गेली."

त्यांनी मान हलवली. नदीत उतरले. ओंजळीत पाणी घेतलं, मुलाचं नाव घेतलं आणि सोडलं. मग पुन्हा ओंजळ भरली आणि तशीच धरून माझ्याकडे वळले.

"तिचं नाव काय होतं जी?"

मी नाव सांगितलं.