मायच्या वाटेवरचे राळे

सासूबाईंनी उंबऱ्यात खिळा ठोकला तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्याच खिळ्यात अडकून माझी एक चांगली सुती साडी फाटली. मला सातवा महिना होता. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराचा उंबरा जुना सागवानी, टणक. खिळा अर्धा आत गेला आणि अर्धा वरच राहिला. "हे काय?" म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे. तुझ्याच भल्यासाठी आहे."

तो खिळा माझ्या मायसाठी होता, हे मला न सांगता कळलं.

माझी माय मला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी गेली. गाव नरखेड तालुक्यातलं. आमच्याकडच्या शेतकरी घरांत तेव्हा पुष्कळांना जाळत नसत, पुरत. नाल्यापलीकडे मसणवटा होता. तिथे कोणाच्या मातीवर नाव नाही की चौथरा नाही. कोण कुठे आहे ते घरच्यांनी ध्यानात ठेवायचं. म्हातारं माणूस गेलं तर लोक मूठमाती देऊन परत येत, आंघोळ करत, कडुनिंबाचा पाला चावत, आणि झालं. पण बाळंतीण गेली तर एवढ्यावर भागत नसे. तिचा जीव तान्ह्या लेकरात अडकतो आणि ती हडळ होऊन परत येते, अशी समजूत होती. म्हणून तिच्या मातीवर काटे रचायचे, मसणवट्यातून परत येताना घरापर्यंत वाटेवर राळे टाकत यायचं आणि उंबऱ्यात खिळा ठोकायचा. राळे म्हणजे बारीक पिवळं धान्य, पाखरांना घालतात ते. हडळ घराकडे निघाली की तिला वाटेतला एकेक दाणा मोजून उचलावा लागतो. कोंबडा आरवला की गिनती चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून. अशी ती घरापर्यंत कधी पोचतच नाही.

हे मला कोणी समोर बसवून सांगितलं नाही. पोरींशी भांडण झालं की थोडं थोडं कळत गेलं. "जाय वं, तुही माय राळे मोजून राहिली तिकडं," असं एकदा एकीनं म्हटलं आणि मी तिची वेणी ओढली. मला वाढवलं ते मोठ्या मायनं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या बायकोनं. तिला विचारायला गेले तर म्हणाली, "काहून विचारतं वं असं? भांडे पडले ना घासाचे?"

मी शाळेत जायला लागले तेव्हा मला वेगळीच काळजी लागली. माझी माय कधी शाळेत गेली नव्हती. गावच्या सगळ्या बायांसारखी तीही विसाविसानं मोजायची. मग एवढे राळे तिला मोजता येतील कसे? मला शंभरपर्यंत आकडे यायला लागले तेव्हा वाटलं, नाल्याच्या काठी उभं राहून मोठ्यानं म्हणावेत, म्हणजे तिलाही ऐकू जातील. एका भर दुपारी गेलेही. एक ते शंभर म्हटलं आणि जी पळत सुटले ती थेट न्हाणीत येऊन थांबले. हे मी कुणाला सांगितलं नाही. आता लिहिताना हसू येतं. तेव्हा मात्र आपण मायचं मोठं काम करून आलो असं वाटलं होतं.

पुढे मी नागपूरला वसतिगृहात राहून बी.ए. झाले. आमच्या सगळ्या भावकीत कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं, आणि मी गेले, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. भूत-हडळ सगळं झूट आहे, असं मी गावी आले की ओट्यावर बसून ठणकावून सांगायची. बाबा ऐकून घेत. आणि परत जाताना एसटी नाल्याच्या पुलावर आली की मी खिडकीतून दुसऱ्या बाजूला बघत असे.

लग्नाच्या वेळी थोरल्या काकांनी सासरी सांगितलं की माय तापानं गेली. बाळंतपणात गेली, हे त्यांनी सांगितलं नाही. डोहाळजेवणाला काटोलकडची एक बाई आली होती. तिनं ओटी भरता भरता खरं काय ते बोलून टाकलं. सासूबाईंचा हात तिथल्या तिथे थांबला. दुसऱ्या दिवशी खिळा आला.

त्या वाईट होत्या असं कोणी समजू नये. त्यांची धाकटी बहीण अशीच बाळंतपणात गेली होती, आणि त्यांची भीती तिथून आलेली होती. पहिल्या बाळंतपणाला मायचा जीव लेकीकडे ओढ घेतो, असं त्यांच्या मनानं घेतलं. मला खायला करून घालत, पण दिवेलागणीला अंगणात जाऊ देत नसत. त्यांची भीती मलाही लागली. रात्री पोटातलं लेकरू हललं नाही की मी, बी.ए. झालेली बाई, उंबऱ्याकडे पाहत पडून राहायची. आपण मायसारख्याच जाऊ, हे मनातून जाईना.

एप्रिलच्या शेवटी एका रविवारी बाबा मला गावी न्यायला आले. हंगामातली शेवटची संत्री थैलीत होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाजच. चहा झाला. सासूबाईंनी पदर सावरला, आणि ते पाहून आमचे हे पान आणायला म्हणून हळूच बाहेर सटकले.

"व्याहीबुवा, राग मानू नका," सासूबाई म्हणाल्या, "पण विहीणबाईंच्या वेळी सगळं रीतीप्रमाणे झालं होतं ना? नसेल तर पहिले ते करा, मग पोरीला न्या. काटे टाकले होते?"

"टाकले ना," बाबा म्हणाले. "काटे तं आम्ही साऱ्याईच्याच मातीवर टाकतो, इहीनबाई. कोल्हे उकरतात."

"आणि राळे?"

बाबांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "राळे नाही टाकले."

"कोणी टाकायचे होते?"

"म्यांच. थैली माह्याच हातात होती. लोक पुढं चालून राहिले होते, मी मागून येत होतो. नाही टाकले."

"अहो पण काहून?"

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. "घरी हे रडत होती," ते म्हणाले. "तीन दिवसाची पोरगी. गाईचं दूध पोटात ठेवत नव्हती, ओकून टाके. म्हटलं, थे येते तं येऊ द्या. पाजून जाईल."

बाहेर रिक्षावाला घंटी वाजवत गेला.

"आणि खिळा?" सासूबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"खिळा मोठ्या भावानं ठोकला होता. दुसऱ्या दिवशी म्यां काढून टाकला. पायाले लागे."

सासूबाईंनी आमच्या उंबऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या साडीकडे. आणि मग त्यांनी जे विचारलं ते मी विचारायला पाहिजे होतं. "मग आल्या का हो त्या?"

"नाही आली," बाबा म्हणाले. "म्हैनाभर दाराची कडी काढून ठेवली म्यां. नाही आली. कुत्रं आलं एकडाव, पोरीचं दूध पिऊन गेलं."

मला हसू फुटलं आणि त्याबरोबर रडूही आलं. मी म्हटलं, "बाबा, म्हणजे माय तिथं मोजत बसली नव्हती?"

"काय मोजत?"

"राळे."

"तिले मोजाले होतंच काय? राळे तं मी घरी घेऊन आलो. पुढच्या मिरगात बांधावर फेकले, पाखरं खाऊन गेले." मग थोडे चिडूनच म्हणाले, "आन थे हडळ कायची होते वं? साधी बाई होती. रक्त जाऊन मेली. दोन दिवस नाल्याले पूर होता, बैलबंडी जाऊ शकली नाही. गेली असती काटोलले दवाखान्यात, तं वाचली असती."

"मग मला कधी सांगितलं काहून नाही?"

"गावात सांगतलं असतं तं साऱ्या पोराईचा ताप तिच्या नावावर लागला असता. आन तुले काय सांगू? तू बीए झाली. म्हटलं, इच्या डोक्यात अशा गोष्टी कायले असतील."



सासूबाई बोटांवर हिशेब करत होत्या. "म्हणजे इतकी वर्षं वाट मोकळीच होती. खिळाही नव्हता. आणि काही झालं नाही?"

"काही नाही. हे बसली समोर."

"तर मग त्या सुखानं गेल्या म्हणायच्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या मनाचं त्यांच्या पद्धतीनं समाधान झालं, आणि ती पद्धत त्या वेळी मला माझ्या बी.ए.पेक्षा बरी वाटली. मग म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही टाकले होते हो राळे. मीच दिले होते डब्यातून काढून."

बाबा संत्रं सोलत होते. म्हणाले, "टाकले तं टाकले. वाटेवर दाणे राहतात काय, इहीनबाई? सकाळी चिमण्या येतात. वाट मोकळी झाली असेल कवाची."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बाबांनी अर्धं संत्रं त्यांच्यासमोर ठेवलं आणि अर्धं मला दिलं.

आमचे हे पान घेऊन परत आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शेजारून पक्कड आण."

"कशाला?"

"खिळा काढायचा आहे."

"परवा-परवाच तर ठोकला."

"काढ म्हटलं ना. सून पडेल अडकून."

मला मात्र त्यांनी गावी जाऊ दिलं नाही. "तुमच्या नाल्याला पूर येतो ना? मग इथेच, दवाखान्यात," असं म्हणाल्या. माझे दिवस भर पावसाळ्यात भरत होते, आणि बाबांना ते लगेच पटलं. पुलावरून पाणी गेलं की एसटी अजूनही अडकत होती. जूनच्या शेवटी माझ्याऐवजी मोठी मायच लुगड्याचं गाठोडं घेऊन नागपूरला आली.

जुलैत मुलगी झाली. मलाही रक्त फार गेलं. पण इथे डॉक्टरीण होती, आणि रक्ताची बाटली मिळाली. बाटली लावलेली असताना मी वर बघत पडले होते आणि मला भीती वाटत नव्हती. माय कशानं गेली ते मला आता ठाऊक होतं, आणि त्यावरचा इलाज माझ्या हाताला लावलेला होता. मुलगी बाजूला रडत होती. नर्स म्हणाली, "आवाज दमदार आहे हो."

मुलीला घेऊन घरी आले तेव्हा सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. उंबऱ्यातलं खिळ्याचं भोक अजून दिसत होतं. मी त्यावरून पाय टाकून आत गेले.

दुपारी मुलीला पाजून मी आडवी झाले. सासूबाई दार लावायला गेल्या. कडीला हात लावला, आणि काय वाटलं कोण जाणे, दार नुसतं लोटून परत आल्या. "उकडतंय," म्हणाल्या, "वारा येऊ दे जरा."

मोठी माय उठली आणि दाराशी पाट आडवा लावून आली. "येऊ दे ज्याले यायचं थे," ती म्हणाली, "कुत्रं नाही आलं पाहिजे फक्त."