ज्येष्ठेच्या साडीतली माऊ

छत्रीबागेतल्या आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. पुण्याकडे गौरी म्हणतात त्याच या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. पत्र्याच्या पोकळ, पुढून उघड्या कोठीवर मुखवटा बसवायचा, कोठीला साडी नेसवायची, समोर त्यांची दोन बाळं मांडायची. पहिल्या दिवशी आणायच्या, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य, तिसऱ्या दिवशी निरोप. माहेरवाशिणीच त्या, लाड करून घ्यायला येतात. पण लग्न होऊन आले तेव्हापासून मला त्या तीन दिवसांत कधी धड बसलेलं आठवत नाही. साडी नेसवताना डोक्यात पुरण, पुरण शिजवताना डोक्यात पंगत, पंगत वाढताना डोक्यात दुसऱ्या दिवशीची आवराआवर. गेल्या वर्षी तर ऐन नैवेद्याच्या वेळी बीपी चढलं आणि मी ओट्यापाशीच कोसळले. आरती राहिली बाजूला, घरचे मला रिक्षात घालून दवाखान्यात!

झालं. यंदा तयारी सुरू होण्याआधीच सासूबाईंनी सांगून टाकलं, "यंदा शेवटचं. पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या महूला. धाकटीकडे ऐसपैस स्वयंपाकघर आहे, आणि तिला तुझ्यासारखं टेन्शन येत नाही." धाकटी जाऊ बिचारी मान खाली घालून शेंगा सोलत होती, पण आमचे हे लगेच म्हणाले, "सही है, तुझ्याच तब्येतीसाठी."

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. अहो, ते मुखवटे मी पुसते, त्यांच्या नथा मी ओवते, आणि त्या चालल्या महूला? माझ्या घरून? मी म्हटलं, "यंदा बघाच तुम्ही. नखाएवढी चूक होणार नाही." आणि मग काय, पितळ घासण्यापासून मी जी सुटले, ती डबल टेन्शन घेऊन.

त्यात आमची माऊ. गल्लीतलीच, पण मुक्काम आमच्याकडे. पोट मोठं झालेलं, चाल संथ. मी निवडायला घेतलेल्या गव्हाच्या परातीत ती झोपायची, फुलवाती करायला घेतलेल्या कापसावर ती झोपायची. हाकललं की दोन हात लांब जाऊन उन्हाच्या तुकड्यात पुन्हा आडवी. मी चिडायचे. "महाराणी, काही कामधंदा आहे का तुला?" ती एक डोळा उघडायची आणि मिटायची.

महालक्ष्म्या आल्या, सोन्याच्या पावलांनी आल्या, सगळं म्हणून झालं. कोठी डगमगू नये म्हणून मी दर वर्षीप्रमाणे कोठीत जुनी लुगडी कोंबली होती. पूजेच्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "ज्येष्ठेच्या निऱ्या हलतायत गं." मी कढईतून मान वर न काढता ओरडले, "पंखा बंद करा!"

पंखा बंदच होता.

दुपारी पानं मांडली, आरती सुरू झाली, झांजा वाजायला लागल्या, आणि ज्येष्ठेच्या पोटातून बारीक आवाज आला. च्यूं. मग आणखी एक. झांजा थांबल्या. मी गुडघ्यावर बसून निऱ्या बाजूला केल्या. आत, माझ्या मऊ लुगड्यांवर माऊ पसरलेली, आणि तिच्या कुशीत ओली ओली पिल्लं.

"अरे बाप रे!" हे ओरडले. "काढ, काढ तिला!" धाकटी म्हणाली, "वहिनी, नैवेद्य अजून दाखवायचाय, आता काय करायचं हो?" मी हात आत घातला. छाती धडधडत होती, आता पुन्हा तेच होणार असं वाटलं. माऊनं माझ्याकडे पाहिलं, हाताला नाक लावलं आणि परत पिल्लू चाटायला लागली. एवढी झांज, एवढी माणसं, एवढा आरडाओरडा, आणि तिला त्यातलं काही म्हणजे काही नव्हतं. एक पिल्लू चाटून झालं की दुसरं. दुसरं चाटताना तिला तिसऱ्याची काळजी नव्हती.

मी हात मागे घेतला आणि तिथंच मांडी घालून बसले. वर पाहिलं तर ज्येष्ठेचा मुखवटा. केवढी सुंदर दिसत होती ती! इतकी वर्षं मी तिला नटवलं, पण तिच्याकडे बघितलंच नव्हतं. मला हसू फुटलं, थांबेचना. सासूबाई घाबरल्या, "चक्कर येतेय का गं?"

"नाही हो आई. छान वाटतंय. खूप छान."

"पण हिचं सोयर?" ह्यांनी विचारलं.

"मांजरीचं कसलं आलंय सोयर!" सासूबाई कडाडल्या. "माहेरवाशीण बाळंतपणाला माहेरीच येते. वाजवा झांजा, हळू वाजवा."

हळू आवाजात आरती झाली, नैवेद्य दाखवून झाला. एवढी गोड आरती आमच्या घरात कधी झाली नव्हती. धाकटी कानाशी येऊन कुजबुजली, "पण वहिनी, उद्या निरोप. पिल्लांसकट कोठी हलवायची कशी?"

"उद्याचं उद्या बघू," मी म्हटलं.

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. हे वाक्य माझ्या तोंडून त्या घरानं कधी ऐकलेलं नव्हतं. सासूबाईंनी माझा हात धरून पहिल्या पंगतीत, स्वतःच्या शेजारच्या पाटावर मला बसवलं आणि धाकटीला म्हणाल्या, "तू वाढ आज. आणि ऐक, मुखवटे महूला यायचे नाहीत. हिच्याकडेच राहतील."

धाकटी मनापासून हसली. पोळीवर तूप सोडत म्हणाली, "मग वहिनी, पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशीच येऊ का मदतीला?"

"अगं, पुढचं वर्ष येऊ दे की," मी म्हटलं, "आधी ही पोळी गरम आहे तोवर खाऊ दे मला!"