आठवी टाचणी

नाटकघराच्या मागच्या खोलीत शिवणकाकू बावीस वर्षं बसली, बरं का. नवरा गेला तेव्हा पोर कडेवर होती. तिला कापडाच्या गाठोड्यावर झोपवायची आणि मशीन चालवायची. काकूच्या तोंडाला कुलूप कसलं ते नव्हतं, पण एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही. डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं होतं. सुईत दोरा ओवायला ती हसत हसत कुणालाही हाक मारायची, "ये गं, तुझा हात हलका आहे."

पोर तिथंच नाच शिकली आणि तिला बाहुलीचं काम मिळालं. तो बॅले, म्हणजे न बोलता नुसत्या नाचातून सांगायची गोष्ट, असा, की एक म्हातारा खेळणीवाला बाहुली बनवतो, इतकी हुबेहूब की गल्लीतली पोरं तिला खरी समजून खिडकीखाली घुटमळतात. बाहुलीनं आधी कितीतरी वेळ खिडकीत बसायचं, पापणीसुद्धा हलवायची नाही. मग म्हातारा पाठीतली किल्ली फिरवतो तेव्हा नाचायचं, तेही लाकडासारखं.

नाच बसवणाऱ्या मास्तरांनी बजावलं होतं, "जमलं तर पुढचे सगळे खेळ तुझे. हललीस तर दुसरी तयार आहे."

नाचताना हुक तुटतात, म्हणून कपडा अंगावरच शिवून टाकायची तिथली पद्धत. आठ टाचण्या लावायच्या, टाके घालायचे, आठ काढायच्या. खेळ संपला की कात्रीनं उसवायचं. पहिल्या खेळाच्या दुपारी काकूनं लेकीला तसंच कपड्यात शिवलं.

"आई, श्वास तरी घेऊ दे."

"बाहुल्या कुठं श्वास घेतात?"

दोघी हसल्या. घंटा झाली, लेक पळाली.

काकूनं सवयीनं मनगटाला बांधलेल्या टाचण्यांच्या उशीवर बोट फिरवलं. टाचण्या सात. गुडघ्यावर बसून सगळी फरशी चाचपली. सातच.

धापा टाकत विंगेत आली तर पडदा वर गेलेला. दहा पावलांवर लेक खिडकीत बसलेली, पण काकूला चेहरा कुठला दिसायला, नुसता पांढरा ठिपका. तिनं पडदेवाल्याचा हात धरला.

"दादा, पाड ना पडदा. पोरीच्या कपड्यात टाचणी राहिलीय."

"काकू, डोकं फिरलं का? पोरीचं काम जाईल हातचं."

"मग बघून सांग, रडतेय का ती?"

"बाहुली कशी रडेल? झकास बसलीय."

आता काय करणार बाई? हाक मारावी तर पोरीच्या तोंडचा घास जातो. खांबाला धरून उभी राहिली. म्हाताऱ्यानं किल्ली फिरवली. जिथं कमरेत वाकायचं तिथं बाहुली वाकलीच नाही, ताठ वळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूनं डोळे मिटले. तसंही दिसत काय होतं?

"असा ताठपणा मी पाहिला नव्हता," खेळ संपल्यावर मास्तर खूश. "उद्याही असंच."

खोलीत काकूनं कात्री उचलली आणि टाका कुठं ते बोटानं चाचपू लागली. लेकीनं ती काढून घेतली, स्वतःच उसवलं. अस्तराला रक्त लागलेलं. टाचणी तिनं आईच्या उशीत खोचली.

"कधीपासून दिसत नाही तुला?"

"झाली असतील दोन वर्षं."

"वाटलंच होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? इथून उठलीस तर दिवसभर करशील काय?"

काकू फरशीवरचे दोरे वेचू लागली. लेकच हळूच म्हणाली, "उद्या तुझ्या हाताखालच्या धाकट्या शिवणबाई शिवतील मला."

"शिवू दे. टाके ढिले घालते ती, ओढून घाल म्हणावं."

दुसऱ्या दिवशी काकू कोपऱ्यात स्टुलावर होती. धाकटी एकेक टाचणी काढून पत्र्याच्या डबीत टाकत होती आणि काकू आवाज मोजत होती. आठ झाले.

"पुन्हा मोज गं," काकू म्हणाली.

घंटा झाली होती. कुणी थांबलं नाही.