मॅचिंगवाल्या काकांचे रंग

देवाने रंग निर्माण केले असतील, पण त्यांची बारशी करायचं काम त्याने आमच्या मॅचिंगवाल्या काकांवर सोपवलं असणार, याबद्दल मला शंका नाही. बोरीवलीच्या एका मॅचिंग सेंटरात काकांनी चाळीस वर्षं साड्यांना ब्लाउजपीस जुळवून दिले. निवृत्त झाल्यावर घरी सुनेच्या पडद्यांना नावं ठेवू लागले, तेव्हा तिनेच त्यांना आमच्या सोसायटीतल्या बालवाडीत आणून सोडलं. मी तिथली बाई. दर शुक्रवारी मुलांना रंगांचं चित्रपुस्तक वाचून दाखवायचं काम मी त्यांना दिलं आणि माझ्या वेळापत्रकाची वाट लागली.

पुस्तक आठ पानांचं. पानावर टोमॅटो, खाली 'लाल'. एवढ्यावर भागवतील ते काका कसले! हा लाल डाळिंबी की कुंकवाचा, विटकरीकडे झुकतो की राणीकडे, याचा निकाल लागल्याशिवाय पान उलटायचं नाही. मुलांच्या डब्यातलं गाजर, कुणाचा रुमाल, जे हाती येईल ते पानाला लावून बघायचे. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पुस्तक घेऊन ते थेट दाराकडे निघत आणि मागून वीस मुलांची वरात. एकदा माझाच पदर उजेडात धरून, "बाई, हा ब्लाउज तुम्हाला ट्यूबलाइटखाली विकलाय कुणीतरी," असं साऱ्या वर्गासमोर म्हणाले. मी आठवडाभर धुसफुसत होते. पण चार वर्षांची ती पोरं आमसुली आणि जांभळ्यात गल्लत करत नसत, आणि माझी अजून होते. हे कौतुक मी काकांच्या तोंडावर कधी केलं नाही.

मग आमच्यातली एक चिमुरडी मोठ्या शाळेत प्रवेशासाठी गेली. तिथल्या मॅडमनी लाल कार्ड दाखवून रंग विचारला. ही शांतपणे म्हणाली, "जरा दारात चला, उजेडात बघून सांगते." आणि कार्ड घेऊन चालायला लागली.

तिची आई तडक माझ्याकडे आली. ॲडमिशन गेली तर जबाबदार कोण, असं तिने विचारलं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. मी तिला शब्द दिला आणि काकांना बजावलं, "काका, यापुढे छापलंय तेवढंच वाचायचं." ते वाद घालतील असं वाटलं होतं. पण नुसतं "बरं बाई" म्हणाले.

त्या शुक्रवारी त्यांनी बसल्या जागी वाचलं. लाल. पिवळा. निळा. दोन मिनिटांत पुस्तक संपलं. जन्मभर गिऱ्हाइकांशी बोलत आलेल्या त्या माणसाने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, आणि मला माझीच लाज वाटली. मुलं मात्र जागची हलेनात. शेवटी तीच चिमुरडी म्हणाली, "काका, आता खरं वाचा ना."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. प्रवेशाचा निकाल अजून लागायचा होता. मी म्हटलं, "वाचा काका."

प्रवेश तिला मिळाला. जूनपासून ती त्या मोठ्या शाळेत जाते. परवा तिची आई भेटली, खुशीत होती. तिथे सगळे रंग एका दिवसात शिकवून झाले म्हणे. काकांना मी हे अजून सांगितलेलं नाही.