धाकट्या डॉक्टरांचा आवाज

एक कबुली द्यायचीय. कबुली म्हटल्यावर कान टवकारले ना? वाटलं असंल, पोरीबिरीचं लफडं. नाय हो! त्याहून वाईट हाय — आणि घरात अजून कुणाला माहीत नाय.

पण आधी गोड बातमी, मला दम निघत नाय. माझी बहीण पिहू — वय आठ, ब्लड कॅन्सर — तिच्या टेस्टचा रिपोर्ट आला! आता म्हणे हाडाच्या मगजात लपून बसलेली कॅन्सरची एखादी पेशीसुद्धा हुडकून काढतात. पिहूच्यात एक नाय सापडली. गोळ्या बंद! आमच्या सायखेड्यात म्हणायचे, हा आजार झाला की पोर गेलंच. डॉक्टर म्हणतात, आता बहुतेक पोरं बरी होतात. मी वॉर्डाबाहेर नाचलो — खरंच नाचलो.

मग कबूल काय करायचं?

मी आवाज काढतो. सरपंच, कंडक्टर, कुणाचाही. नाशिकच्या दवाखान्यातले धाकटे डॉक्टर नाकातून बोलतात, दर वाक्याला "ठीके ना, ताई?" त्यांचा तर लय भारी जमतो. मागच्या वर्षी मित्राच्या हळदीत माझा मिमिक्रीचा प्रोग्राम होता. मला पिहू समोर पायजे होती — तिच्याइतकं मनापासून कोण हसतं? पण औषधांनी तिची रोगाशी लढायची ताकद घटलेली, गर्दीत न्यायची नाय. आई अडून बसली — डॉक्टरांनी हो म्हटलं तरच.

मग काय — मित्राच्या मोबाइलवरून आईला फोन लावला आणि मीच डॉक्टर झालो. "घेऊन जा, काही नाही होत. ठीके ना, ताई?"

पिहू पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तापानं फणफणली. ॲडमिट. आईनं धाकट्या डॉक्टरांकडं बोट दाखवलं — यांनीच फोनवर सांगितलं! ते बिचारे नाय नाय म्हणत होते. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. आणि मी? सलाइनकडं बघत उभा. पिहू वाचली... तरीबी मी कबूल केलं नाय.

काल जिन्यात धाकट्या डॉक्टरांना गाठून सांगून टाकलं. वाटलं, आनंदाचा दिवस हाय, हसतील.

"दात काय काढतोस?" ते कडाडले. "मला बोलणी बसली, ते सोड. पण त्या दिवसापासून तुझी आई फोनवर माझं काही ऐकत नाही. पोरगी साधी शिंकली तरी तिला गच्च भरलेल्या एसटीत घालून इथं आणते. ज्या गर्दीपासून वाचवायचं, त्याच गर्दीतून! वर्षभर मला कळेना, ही बाई अशी का वागते. खाली पेढे वाटतेय ती. जा, सांग तिला — जा म्हणतो ना!"