परशुराम भोईरचा सहावा गिअर

कोपर नाक्यावर परशुराम भोईरच्या गाडीला कुणी गाडी म्हणत नसे. ‘शेठची पडवी’ म्हणत. हे नाव टपरीवाल्या काळुरामनं ठेवलं होतं आणि ते बिनचूक होतं. रोज सकाळी ती पांढरीशुभ्र, सात माणसांची डिझेल गाडी भोईरांच्या फाटकातून बाहेर पडायची, गल्लीतली दोन वळणं घ्यायची आणि टपरीसमोर येऊन थांबायची. म्हणजे चाकं थांबायची, इंजिन नाही. इंजिन बंद केलं तर एसी बंद होणार, आणि एसी बंद झाला तर शेठमध्ये आणि बाकड्यावरच्या लोकांमध्ये फरक तो काय उरणार? काच चार बोटं खाली. त्या फटीतून चहाचा ग्लास आत आणि त्याच फटीतून शेठचे विचार बाहेर. हे जेवणाच्या वेळेपर्यंत. मग पडवी घरी.

परशुरामच्या वडिलांचे पाय मिठागरात फुटले. परशुरामच्या वाट्याला थोडी भातशेती आली, तर तिच्यावर इमारती उगवल्या. त्या पिकाला खत लागलं नाही; पाणी मात्र अजून टँकरनं घालावं लागतं. तेव्हापासून परशुरामला कामच उरलं नाही. काम नसलेल्या माणसाला प्रवासाची आवड असावी लागते, म्हणून त्यानं तीही ठेवली होती, पण तोंडी. नाशिक, शिर्डी, गोवा सगळं काचेच्या फटीतून सांगून झालेलं. कसारा घाटात आपण ट्रकवाल्याला कसं मागं टाकलं, हे तर तो इतक्यांदा सांगायचा की काळुरामला त्या ट्रकवाल्याची दया यायला लागली होती. एकवीरेला मात्र तो दरवर्षी सगळ्यांबरोबर बसनं जायचा. कारण विचारलं की म्हणायचा, “गर्दीत गारीला नजर लागते.”

खरं कारण एकट्या त्यालाच ठाऊक होतं. गाडी नवी असताना तो माणकोली पुलावर गेला होता. चढावर सिग्नलसारखी रांग लागली, गाडी बंद पडली, चालू केली तर मागं सरकली, परत बंद पडली. मागं भोंग्यांचा असा गजर झाला की जणू याच्याच नावाची आरती चालू आहे. शेवटी एक टेंपोवाला खाली उतरला, शेठला बाजूच्या सीटवर सरकवून त्यानं गाडी पुलाखाली आणून दिली आणि जाताना म्हणाला, “बाबा, पुढच्या वेळी मुलाला घेऊन या.” त्या दिवसानंतर परशुरामची गाडी कोपरच्या बाहेर गेली ती पुतण्या विकीच्याच हातून. तिला सहा गिअर होते, पण मालकाची ओळख फक्त तिघांशी.

हे सगळं आयुष्यभर झाकून गेलं असतं. पण मुलीचं, दिशाचं, लग्न ठरलं. सासर नाशिकला, हॉल कल्याणला. आणि ऐन सुपारीत, चार पाहुण्यांसमोर, परशुराम बोलून गेला, “माजे पोरीला हॉलवर मीच नेनार. माजे गारीन, माजे हातान.”

दिशानं बापाकडे असं पाहिलं की आता शब्द मागं घेण्याचा रस्ताच बंद झाला. विकीनं आपली भाड्याची लांबलचक उघडी गाडी सांगून ठेवली होती. तो म्हणाला, “काका, आपली स्टँडबाय आहे हां. टेन्शन नको.”

त्या ‘टेन्शन नको’नं परशुरामला जास्त टेन्शन आलं.

आणि लग्नाच्या आठवड्यातच गाडी आजारी पडली. आधी समोर एक पिवळा दिवा लागला. त्यावर एक डबा आणि डब्यात ठिपके. परशुरामनं त्याचा अर्थ पाण्याच्या टाकीत डास झाले असा लावला आणि सोडून दिला. मग गाडीचा दमच गेला. पाय दाबला तरी पुढं जाईना, नुसती कण्हायची.

नाक्यावर लगेच वैद्यकीय मंडळ बसलं. एक म्हणाला डिझेलमध्ये भेसळ. दुसरा म्हणाला उंदरानं वायर कुरतडली. तिसऱ्याला नोझलचा संशय आला. त्याच्या मेव्हण्याचीही नोझल गेली होती, आणि ती बदलल्यावर मेव्हणाही गेला होता, पण त्याचा नोझलशी संबंध नव्हता. काळुराम म्हणाला, “शेठ, नारळ उतरवा.” परशुरामनं दोन उतरवले. एक गाडीवरून, एक स्वतःवरून. गाडी तशीच. शेवटी विकीनं ती रांगत रांगत ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये, आनंदा तांबेच्या गॅरेजवर आणली. शेठ शेजारी बसून होता.

आनंदा खोपटच्या एसटी डेपोतून रिटायर झालेला डिझेल मेस्त्री. अंगानं काडीसारखा, जीभ मात्र करवतीसारखी. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्याचा स्कॅनर चार्जिंगला लावलेला असे. तो बोनेट उघडायच्या आधी मालकाला उघडायचा. विकी खोपटला गेला होता; दिशा तिथं मैत्रिणीकडे मेंदी काढायला गेलेली, तिला आणायला. त्यामुळे आनंदाच्या तावडीत परशुराम एकटाच सापडला.

आनंदानं आत डोकावून मीटर पाहिला.

“शेठ, हे एवढंच? माझी स्कूटर याच्यापेक्षा जास्त फिरते, आणि ती तर बायको चालवते.”

इथं साध्या माणसानं खरं सांगितलं असतं. परशुरामच्या डोळ्यांसमोर मात्र कसारा घाट आला, तो ट्रकवाला आला, अख्खा नाका आला. तो हळूच म्हणाला, “मीटर मागं फिरवलाय.”

“काय?”

“फिरवलाय. आमच्या इकीनं. उद्या इकायची झाली तर… समजून घे ना.”

म्हणजे घाबरट ठरण्यापेक्षा त्यानं लबाड ठरणं पसंत केलं, आणि लबाडीतही पुतण्याला भागीदार करून घेतलं.

“मग खरी फिरलीय किती?”

“लय! नाशिक, शिर्डी, गोवा तर किती येला… घाटात ट्रक मागं टाकलेत!”

आनंदानं चष्मा कपाळावर चढवला. “मग अवघड आहे. एवढी पळालेली गाडी, दम गेलेला, म्हणजे टर्बो बसला असणार. नोझल पण आलीच. इंजिन खोलावं लागेल. पार्ट मिळेपर्यंत पुढचा आठवडा.”

“पुरचा? अरं, परवा हलद हाय! तेरवा लगीन!”

“लग्न थांबत नाही शेठ, गाडी थांबते. पोरीला रिक्षानं न्या. मीटरनं. फिरवलेला नसला म्हणजे झालं.”

परशुराम स्टुलावर बसला. डोळ्यांसमोर विकीची भाड्याची उघडी गाडी फिरायला लागली, तीत दिशा, आणि मागून रिक्षात आपण. तरीही त्यानं गोवा सोडला नाही. आनंदा गाडीभोवती सावकाश फिरला. टायरवरून हात फिरवला. ब्रेकची चकती वाकून पाहिली. दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि टुणकन उठला.

तेवढ्यात रिक्षा आली. विकीनं दिशाला उतरवलं आणि तो त्याच रिक्षानं डीजेवाल्याकडे पळाला. दिशाच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओली मेंदी होती. हात पुढं करून ती अशी उभी राहिली जणू तिला पोलिसांनी पकडलंय.

“काय झालं काका गाडीला?” तिनं आनंदाला विचारलं.

“तेच बघतोय बाई. केस चमत्कारिक आहे. गाडी गोव्याला जाऊन आलीय, पण टायरवरचे रबराचे केस अजून उभे आहेत. घाटात ट्रक मागं टाकलेत, पण ब्रेक कोरे करकरीत. आणि ड्रायव्हरची सीट? ती एसटीच्या सीटसारखी बसलीय. आता माझ्या तीस-पस्तीस वर्षांत अशी गाडी मी बघितली नाही, जिचं चाक झिजत नाही आणि सीट झिजते.” मग तो परशुरामकडे वळला. “खोलू का इंजिन? का काही सांगायचंय?”

आनंदानं खरंच पाना लावला. पहिला बोल्ट करकरला आणि तो आवाज परशुरामच्या दाढेत गेला.

“थांब! नको खोलू!” तो उठलाच. “नाय गेलो. कुठं नाय गेलो. नाक्यावर जातो, एसी लावून बसतो, घरी येतो.”

आनंदानं पाना खिशात घातला. तो तर आधीपासूनच हसत होता. “मीटर?”

“खरा हाय.”

“बिचारा विकी,” आनंदा म्हणाला. “अहो शेठ, गाडीला काही झालेलं नाही. हिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवायची जाळी आहे. गाडी जोरात, लांब पळाली की जाळी तापते आणि काजळी जळून जाते. तुम्ही बसल्या जागी इंजिन चालवता. काजळी साठतेय, जळत नाहीये. मूळव्याध म्हणा ना! दिवसभर बसून होते तीच.”

दिशा खो-खो हसली. मग हसू आवरून तिनं विचारलं, “पण बाबा, कसारा घाट?”

“इकीनं नेलेली. मी झोपलेलो.”

“तो ट्रक?”

“सपनात असंल.”

आनंदानं स्कॅनर जोडून आपलं जाळकाम सुरू केलं. गाडी जागेवर गुरगुरली, गरम धूर सोडला, गॅरेजभर करपल्याचा वास पसरला. मग तो म्हणाला, “मी वाट मोकळी करून दिलीय. दिवा अजून जाणार नाही. आता हिला हायवेला घ्या, वरच्या गिअरमध्ये पळवा, पडघ्यापर्यंत. मध्ये थांबायचं नाही.”

“इकी येईल,” परशुराम म्हणाला.

“विकी डीजेवाल्याकडून संध्याकाळी सुटेल,” दिशा म्हणाली. “मी चालवली असती, पण हे बघ.” तिनं मेंदीचे हात बापाच्या नाकासमोर धरले. “आणि लग्नाला तू नेणार आहेस ना? का विकीला सांगू, उघडी गाडी फायनल?”

परशुराम गाडीत बसला. दिशा शेजारी, हात डॅशबोर्डच्या वर धरून. माजिवड्यापर्यंत त्यानं दात आवळूनच श्वास घेतला. माणकोलीला पुढच्या ट्रेलरनं ब्रेक मारला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला. गाडी एकदा बंद पडली. मागून भोंगा वाजला.

“वाजवू दे,” दिशा म्हणाली. “त्याला काय, त्याच्या बापाची वरात आहे? क्लच दाब. सावकाश. हां.”

गाडी सुटली. रांजणोली गेलं, रस्ता मोकळा झाला. “चौथा टाक बाबा.” चौथा पडला. “पाचवा.” पाचवा शोधताना तिसरा पडणार होता, दिशा किंचाळली, मग पाचवा पडला. आणि सहावा टाकला तेव्हा इंजिनचा कण्हण्याचा आवाज एकदम बंद झाला. गाडी नुसती सरसर जायला लागली. परशुरामला वाटलं ती बंदच पडली.

“हीच गारी हाय का आपली?”

“हीच.”

पडघ्याच्या अलीकडे पिवळा दिवा विझला. दिशा ओरडली, हात वर गेले आणि छताला मेंदीची पाच बोटं उमटली. ती पुसायला मग परशुरामनं कुणालाच दिली नाहीत.

“आता वळव,” ती म्हणाली.

“कुठनं?”

“पुढं डिव्हायडरला कट येईल.”

कट आला आणि गेला. दुसराही गेला. परशुराम समोर बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, “हा रस्ता सरल नासिकला जातो ना?”

“हो.”

“तुज्या घराकडं?”

“तिथूनच जातो.”

त्यानं गाडी सहाव्यातच ठेवली. हायवेवर वळायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं, हेही तितकंच खरं.

लग्नादिवशी तो दिशाला कल्याणला घेऊन गेला, अख्खा रस्ता दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. मागून विकी उघड्या गाडीत एकटाच, नवरदेवासारखा फेटा बांधून बोंबलत होता, “काका, सहावा टाका!”

“नवरी हाय आत, मार्केटला पळवायचे टोमॅटो नाय!” काकांनी काचेतून ऐकवलं.

आता रविवारी कोपर नाक्यावर टपरीसमोर जागा मोकळी असते. कुणी विचारलं, शेठ कुठं, तर काळुराम सांगतो, “काजळी जाळायला. मेस्त्रीनं सांगितलंय, आठवड्याला एकदा पळवायची.”

“कुठपर्यंत?”

“मेस्त्री तर पडघा म्हणालेला. शेठ म्हणतो, आपली गाडी मोठी, हिला नाशिक लागतं.”